खोक्यात नसलेला भाग

शनिवार, ६ ऑक्टोबर २०१८

मुलीला, रनीमला, कारकच्या रुग्णालयात औषधनिर्मात्याची जागा मिळाली. रुजू व्हायचे आहे अठ्ठावीस तारखेला, रविवारी. दर गुरुवारी ती मादब्याला घरी येणार आणि दर शनिवारी परत जाणार. म्हणजे आठवड्यातून दोनदा वाटेतली मुजिबची दरी उतरून चढणार. माझी जुनी जर्मन गाडी तिला द्यायची, असे आज जेवताना ठरले. देण्यापूर्वी ती निर्दोष करायची, असे मी जेवल्यानंतर एकट्याने ठरवले.

दोष मला दोन महिन्यांपासून ठाऊक आहे. इंजिन बंद, चाके सरळ, आणि स्टिअरिंग हलकेच हलवले, तर कडेवर दोन बोटांच्या रुंदीइतके अंतर ते रिकामेच फिरते. त्यानंतर कुठे रस्त्यावरची चाके हलू लागतात. एक बोट चालून गेले असते. शिवाय डाव्या वळणावर खालून एक बारीक ‘ठक्’ ऐकू येतो. गेले सहा दिवस रोज मोजले. सहाही वेळा दोन बोटे.

बायको, हनान, म्हणाली, “गाडी आहे ती, विमान नाही. हरूतकडे टाका आणि मोकळे व्हा.”

सोमवार, ८ ऑक्टोबर

कार्यालय सुटल्यावर गाडी हरूतकडे नेली. गेली बावीस वर्षे माझ्या गाड्या या एकाच आर्मेनियन माणसाच्या हाताखालून जातात. त्याच्या भिंतीवर आरारात पर्वताचे चित्र आहे आणि त्यावर तेलाच्या बोटांचे ठसे आहेत.

“या, अबू रनीम!” रनीमचा बाप म्हणून इथे सगळे मला अशीच हाक मारतात. “आज काय मोजून आणलंत?”

“दोन बोटे.”

“तुमची का माझी? माझी असतील तर गाडी सरळ भंगारात घाला.”

त्याने पुढची बाजू उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली. आधी प्रत्येक चाक वरून-खालून धरून हलवले. तिथे काही नव्हते. मग डावी-उजवीकडून धरून हलवले. तिथे ‘ठक्’ होता. मला स्टिअरिंगशी बसवून तो खाली गेला.

“हलवा. हळू! लोणी घुसळताय का?”

मग त्याने मला खाली बोलावले आणि माझा हात एका सांध्यावर ठेवून स्वतः चाक हलवले. पुढच्या दोन चाकांना टाय रॉडांनी जोडणारा एक आडवा दांडा असतो. त्याचे एक टोक स्टिअरिंगच्या पेटीकडे जाते. दुसरे टोक एका आखूड हातावर तोललेले असते. त्या हाताला आयडलर म्हणतात. तो फक्त पुढेमागे फिरला पाहिजे. माझ्या तळव्याखाली तो वरखालीही होत होता.

“आयडलर गेला. दांड्याची टोकं पण गेली. बाहेरचे दोन्ही टाय रॉड काढायचेच,” हरूत म्हणाला. “हेच दुखणं तुमच्या त्या हिरव्या गाडीला होतं ना? तेव्हा आपण…”

तो थांबला आणि बराच वेळ हात पुसत राहिला. मी भागांची यादी लिहून घेतली.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

हरूतचे वाक्य अपुरे राहिले म्हणून ते इथे पूर्ण करून ठेवतो. वस्तुस्थिती लिहून ठेवलेली बरी.

हिरवी गाडी मी जून २०११ मध्ये मुफ्लेह नावाच्या शिक्षकाला विकली. ती याच जातीची होती. विकण्यापूर्वी स्टिअरिंग ढिले झाले होते. हरूतने सांगितले, टाय रॉड गेले आहेत आणि आयडलरही गेला आहे. टाय रॉड मी नवे आणले. आयडलर त्या आठवड्यात मिळत नव्हता, गिऱ्हाईक तर दुसऱ्या दिवशी येणार होते. मी हरूतला पेटीवरचा स्क्रू घट्ट करायला सांगितले. तो घट्ट केला की रिकामेपणा हाताला लागत नाही, दोष मात्र खाली तसाच राहतो. हरूत म्हणाला, “हे बरोबर नाही.” मी म्हणालो, “थोडा फिरवा.” त्याने फिरवला.

आमच्याकडे सुटे भाग गिऱ्हाईकाने आणायचे, कारागिराने बसवायचे आणि काढलेले जुने भाग नव्यांच्या खोक्यात घालून परत द्यायचे, अशी रीत आहे. खोके म्हणजे काम झाल्याची साक्ष. मी याहून एक पाऊल पुढे जातो: गॅरेजमध्ये भागांची अदलाबदल होऊ नये म्हणून गाडीच्या प्रत्येक भागावर पंच ठोकून माझी खूण उठवतो. तीन टिंबे एका ओळीत आणि चौथे त्यांच्या खाली.

मुफ्लेहला मी ते खोके दाखवले आणि म्हणालो, “स्टिअरिंगमधून काढलेले भाग हे आहेत.” वाक्य खरे होते. त्याने खोक्यात पाहिले, खुणा पाहिल्या आणि हसून म्हणाला, “तुमच्यासारखी माणसं असती तर शाळा किती नीट चालल्या असत्या.” गाडीखाली त्याने पाहिले नाही. आयडलरबद्दल त्याने विचारले नाही.

मी एकही असत्य वाक्य उच्चारले नाही.

शनिवार, १३ ऑक्टोबर

सहाबच्या भंगार-बाजारात गेलो. नवी नक्कल घेण्यापेक्षा मोडलेल्या गाडीतला मूळ भाग बरा, या मताचा मी आहे; इथे सगळेच आहेत. कुंपणामागे हजारभर गाड्या एकमेकींवर रचलेल्या. मालकाने अंगावरच्या चादरीसकट खुर्ची सरकवली आणि आत ओरडून सांगितले. थोड्या वेळात दांडा आला, आयडलर त्याला जोडलेलाच. सगळे ग्रीस आणि धुळीने काळे.

“एकत्रच न्या, काका. नवरा-बायको आहेत, तोडू नका.”

दांड्याची टोके हातांनी तपासली. घट्ट होती. आयडलरची तपासणी हरूतवर सोडली. कापडात गुंडाळून आणले.

रविवार, १४ ऑक्टोबर

जसे घडले तसे लिहितो.

हरूतने गुंडाळी उघडली, दांडा उचलला आणि आयडलर आपोआप खाली लोंबला. त्याने तो बोटाने हलवला. कोंबडीच्या मोडलेल्या मानेसारखा तो हवा तिकडे जात होता.

“दांडा चांगला आहे. पण हा! या हाताच्या भरवशावर कुणी गाडी चालवली? देवा, त्याच्यावर दया कर.”

“आयडलर नवा घेऊ,” मी म्हणालो. “दांडा बसवा. त्याआधी मी खूण करून घेतो.”

खिशातून पंच काढला. दांड्याच्या मधोमध, जिथे मी नेहमी खूण करतो, तिथले ग्रीस चिंधीने पुसले. तीन टिंबे एका ओळीत. चौथे खाली.

मला वाटले, मी आत्ताच खूण केली आणि विसरलो. हातोडी अजून बाकावरच होती.

मग हरूतने माझ्या हातातून चिंधी घेतली आणि आयडलर पुसला. तीन, आणि खाली एक.

“घरी आला तुमचा माल, अबू रनीम,” तो म्हणाला. चेष्टा करायची त्याची सवय आहे. हे बोलून झाल्यावर मात्र तो खाली बसला.

मी विचारले, “त्याने नंतर बदलला असेल?”

“बदलला असता तर तुमची टिंबं कशी असती त्याच्यावर?”

प्रश्न बरोबर होता. दांडा बसवू नका, सगळे नवे आणतो, असे सांगून दोन्ही भाग पुन्हा कापडात गुंडाळले. गाडी तिथेच ठेवली.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

अर्धा दिवस रजा घेऊन बसने सहाबला गेलो. बस एका डाव्या वळणावर वळली आणि खालून तोच ‘ठक्’ आला. शेजारच्या बाईला विचारले, काही ऐकू आले का. तिने मुलाला मांडीवर ओढून घेतले.

हिरवी गाडी कुंपणाच्या टोकाशी होती. पुढची डावी बाजू आत गेलेली, छप्पर चेपलेले. स्टिअरिंगवर मीच शिवून घेतलेले चामड्याचे आवरण होते. ते आता अधिक गुळगुळीत झाले होते.

“फेब्रुवारीत आली ही,” मालक म्हणाला. “धीबानचा मास्तर. मुजिबच्या उतारावर वळण चुकलं, कठड्यावर आदळला, जागीच गेला. रस्ता ओला होता म्हणे. तुम्ही ओळखत होता का, काका?”

डिकी उघडायला कांब लागली. आत कोपऱ्यात, पडू नये म्हणून दोरीने बांधलेले माझे खोके होते. सात वर्षांत त्याचे कोपरे मऊ झाले होते. वर शिक्षकी, वळणदार अक्षरात लिहिले होते: ‘स्टिअरिंग. काम झालेले. जपून ठेवणे.’ आत दोन जुने टाय रॉड.

खोके मागून घेतले. “भंगारातलं भंगार. न्या,” मालक म्हणाला.

बुधवार, १७ ऑक्टोबर

ओल्या रस्त्याचा वाटा किती आणि आयडलरचा किती, हे कागदावर मांडण्याचा तीन वेळा प्रयत्न केला. मांडता येत नाही. वेग ठाऊक नाही. टायर कसे होते ठाऊक नाही. स्क्रू किती वर्षे टिकला असेल, हेही ठाऊक नाही.

कार्यालयात दाराची मूठ फिरवली तर ती आधी थोडी रिकामी फिरली. घरी न्हाणीतला नळही. हनानला फिरवून दाखवायला सांगितले. ती म्हणाली, “नळ ठीक आहे. तुम्ही काही खाल्लंत का आज?”

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

दुपारच्या नमाजानंतर धीबानला गेलो. मुफ्लेहचे घर गावाबाहेर, दरीच्या काठाला. त्याचे वडील, हाजी सुवेलिम, ओसरीवर गादीवर बसले होते. वय ऐंशीच्या घरात. मी कोण, कशासाठी, हे न विचारता त्यांनी मला बसवले आणि स्वतः कॉफी ओतली. मी कप घेतला आणि समोर जमिनीवर ठेवला.

त्यांनी कपाकडे पाहिले. मागणे घेऊन आलेला माणूस ते मान्य होईपर्यंत कॉफी ओठाला लावत नाही, हे या दरीच्या दोन्ही काठांवर मुलांनाही कळते.

“बोला.”

“मुफ्लेहला ती हिरवी गाडी मी विकली होती.”

“अस्सं!” त्यांचा चेहरा उजळला. मी त्यासाठी तयार नव्हतो. “मादब्याचे तुम्ही! खोकंवाले! अहो, तो सगळ्या गावाला सांगायचा. म्हणायचा, गाडी घ्यावी तर अशा माणसाकडून, जुने भागसुद्धा खुणा करून खोक्यात घालून दिले.”

मी कापड उलगडले आणि आयडलर गादीवर ठेवला. हा भाग काय करतो, तो केव्हा झिजला होता, मला केव्हा कळले, मी काय सांगितले आणि काय सांगितले नाही, हे क्रमाने बोललो. मध्ये त्यांनी एकदाही थांबवले नाही.

बोलून झाल्यावर दरीतला वारा ऐकू येत होता.

“गेल्या वर्षीपासून गाडी डगमगायची,” ते म्हणाले. “त्याचा मेहुणा मागे लागला होता, दाखव कुणाला तरी. तर हा म्हणायचा, स्टिअरिंगचं काम झालेलं आहे, माझ्याकडे खोकं आहे. हा मुजिबचा वारा आहे.”

त्यांनी माझ्या मागे, रिकाम्या वाटेकडे पाहिले.

“एकटेच आलात?”

“होय.”

“अशा कामाला माणूस एकटा येतो का? एकट्यात बोललेलं एकट्यातच राहतं. तुम्ही हलके होऊन घरी जाल, आणि माझ्या मुलाच्या मुलांना लोक सांगत राहतील की बाप गाडी जोरात चालवायचा.” त्यांनी माझा कप उचलला आणि ओसरीच्या कडेवरून मातीत ओतला. “पुढच्या शुक्रवारी तुमची माणसं घेऊन या. माझी माणसं इथे असतील. त्यांच्यासमोर बोला. कॉफी तेव्हाही ओतीन. पिता येईल का, ते तेव्हा बघू.”

शनिवार, २० ऑक्टोबर

आमच्या कुळात बोलायचा मान चुलतभाऊ अबू कायद यांचा. त्यांच्याकडे गेलो. कलिंगडाच्या बिया सोलत त्यांनी सगळे ऐकले.

“पोलिसांनी काय लिहिलंय?”

“ओला रस्ता.”

“मग तू काय पोलिसांपेक्षा शहाणा? अरे, सात वर्षं गाडी चालवली त्याने! सात वर्षांत माणूस झिजतो, लोखंडाचं काय घेऊन बसलास? तुला मुलगी आहे लग्नाची. उद्या लोक काय म्हणतील? रनीमचा बाप माणूस मारून बसलाय?”

हे सगळे माझे स्वतःला आधीच सांगून झाले होते, आणि बहुधा याहून चांगल्या भाषेत.

“तुम्ही येणार नसाल तर दुसऱ्या कुणाला विचारतो,” मी म्हणालो.

“बस खाली. येत नाही असं कोण म्हणालं? मूर्ख आहेस, एवढंच म्हणालो.”

सोमवार, २२ ऑक्टोबर

नवे भाग बसले. दांडा, आयडलर, दोन्ही टाय रॉड, सगळे बंद खोक्यांतले. जुना टाय रॉड काढताना किती आट्यांवर सुटतो ते मी मोजले: साडेअकरा. नवा तितक्याच आट्यांवर चढवला. सांध्यांचे नट अडवणारे खिळे नवे घातले. पेटीचा स्क्रू मूळ जागेवर आहे, त्याला हात लावलेला नाही, हे हरूतने मला दिवा धरून दाखवले. मी विचारले नव्हते.

रनीम गाडी न्यायला आली होती. हरूतने तिला खाली बोलावून तिचा हात आयडलरवर ठेवला आणि चाक हलवले.

“काही लागतंय, पोरी?”

“काहीच नाही.”

“तेच लागायला हवं.”

बाहेर येऊन तिने हात पुसले आणि जुन्या भागांचे खोके उघडले. एकेक भाग उचलून माझ्या यादीशी जुळवला. शेवटी विचारले, “बाबा, यात सगळं आहे?”

साधा प्रश्न. मी खाली बसलो आणि तिला हिरव्या गाडीबद्दल सांगितले. हरूत पाठ करून भांड्यात हात धूत राहिला; पाणी केव्हाच काळे झाले होते.

यादीची घडी घालत ती म्हणाली, “त्यांनी पण विचारलं होतं का असं?”

“नाही. त्याने विचारले नाही.”

“म्हणजे ते विचारतात का, याची तुम्ही वाट बघत होतात.”

तिने गाडी स्वतः चालवून घरी आणली. मी शेजारी बसलो होतो. डाव्या वळणावर आवाज आला नाही. मला ऐकू आला.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

धीबानला जायला माझ्यासह सहा जण झाले. संध्याकाळी हरूत घरी आला, अंगावर नाताळचा कोट.

“मी सातवा,” तो म्हणाला.

“तुम्हाला यायची गरज नाही. सांगितले मी होते.”

“आणि फिरवला कुणी? माझ्या हाताने, की तुमच्या व्याकरणाने?”

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

दुपारी दीड वाजता धीबान. ओसरीवर त्यांच्याकडचे वीसेक जण. मुफ्लेहचा मेहुणा खांबाला टेकून उभा. तो बसला नाही. मुफ्लेहचा मोठा मुलगा कॉफी घेऊन आला. आमच्या सातही जणांनी कप समोर ठेवले.

अबू कायद यांनी प्रथेप्रमाणे सुरुवात केली: देवाचे नाव, मृताचे नाव, यजमानांचा मोठेपणा. ओल्या रस्त्याचा उल्लेख त्यांनी केला नाही. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मग हाजी म्हणाले, “तुम्ही छान बोलता. आता यांना बोलू द्या.”

मी बोललो. या वेळी क्रम राहिला नाही. शेवटची गोष्ट आधी आली: “मला माहीत होते.” पुढचे सगळे त्याच्या मागे, तुटक. हरूत म्हणाला, “स्क्रू मी फिरवला.”

मेहुणा म्हणाला, “मी सांगत होतो त्याला. वारा म्हणायचा!” आणि भिंतीकडे तोंड केले.

हाजींनी हात पुढे केला. “खोकं आणलंय?”

मी खोके दिले. त्यांनी वरचे अक्षर वाचले, म्हणजे बोटाने त्याच्यावरून फिरून आले. त्यांना वाचता येते की नाही, मला ठाऊक नाही. टाय रॉड बाहेर काढून गादीवर ठेवले, माझी टिंबे अंगठ्याने चाचपली.

“आता तो दुसरा.”

मी आयडलर दिला. त्यांनी तो कानाजवळ धरून हलवला. ठक्. पुन्हा हलवला. ओसरीवरच्या सगळ्यांनी ऐकला. इतके दिवस तो मला एकट्याला ऐकू येत होता.

“एवढा आवाज करतो हा,” ते म्हणाले, “आणि माझा मुलगा म्हणायचा, वारा आहे. तुमच्यावर एवढा विश्वास.”

त्यांनी आधी आयडलर खोक्यात ठेवला, मग त्याच्यावर टाय रॉड, झाकण लावले, दोरीची गाठ मारली आणि खोके आपल्या मांडीजवळ ओढून घेतले.

“आता पुरं झालं. हे इथे राहील. त्याची मुलं विचारतील तेव्हा मी उघडून दाखवीन. सगळं सांगीन, तुमचं नाव सांगीन, आणि तुम्ही आपल्या पायांनी आलात हेही सांगीन. मान्य?”

“मान्य.”

बराच वेळ गेला. किती, ते मी पाहिले नाही.

“प्या,” हाजी म्हणाले.

सहा जणांनी कप उचलले. मीही उचलला. कॉफी पूर्ण थंड झाली होती. कप वर आणताना माझा हात डावीकडे ओढला गेला, दोन बोटे, आणि कॉफी मनगटावर सांडली. मी थांबलो. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तिकडेच.

हाजी गादीवरून पुढे सरकले. त्यांनी आपली बोटे माझ्या मनगटाभोवती धरली, जुनी, कोरडी, अजिबात न हलणारी.

“सरळ,” ते म्हणाले.

मी प्यालो. त्यांनी हात काढला नाही.